तोडलेलं कुलूप

मंगळवार, संध्याकाळ. कोपरी.

आई झोपलीय. हाताला प्लास्टर, बाकी ठीक. तुटलेलं कुलूप समोर टेबलावर पडलंय.

आई हल्ली रस्ता विसरते, म्हणून ऑफिसला जाताना मी बाहेरून कुलूप लावते. एक चावी शेजारच्या सावंतकाकांकडे असायची. गेल्या महिन्यात पाण्यावरून भांडण झालं आणि मीच ती परत मागून आणली. केवढा तो ताठा.

आज आई बाथरूममध्ये पडली. तिच्या हाका ऐकून काकांनी मला फोन केले. मी मीटिंगमध्ये, उचललेच नाहीत. मग त्यांनी हातोडीने कुलूप तोडलं. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस.

हॉस्पिटलमध्ये म्हणाले, "न विचारता घरात शिरणं गुन्हा आहे, मला माहितीय. तक्रार करायची तर कर गं."

आईला कोंडून जाणारी मी, आणि गुन्हा त्यांचा? मला नुसतं रडू आलं. धड आभारही मानले नाहीत.

येताना नवं कुलूप घेतलं. आधी काकांकडे गेले. दारामागचा आमच्या चावीचा खिळा अजून रिकामाच ठेवलेला. मी चावी अडकवली. काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "चहा टाकलाय, बस."