पडवीतले चार दिवस

॥ श्री ॥

निपाणी,
कार्तिक वद्य ५, शके १८६०

ती. सौ. आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते आणि लिहायला बसते. इकडे सगळी धडधाकट आहेत, तुम्हीही तशीच असणार असं धरून चालले आहे.

आधी हिशोब. तू पाठवलेला कुंदा पोचला. डब्याचं झाकण चेपलं, आतला माल शाबूत. टपालाला सात आणे घातलेस. बेळगावाहून निपाणीला रोज कोणी ना कोणी येत असतं, त्याच्या हाती दिला असतास तर सात आण्यांचं खोबरं झालं असतं. त्याच दिवशी यांचं मुंबईचं पार्सल आलं. दोन व्हॉल्व्ह, साडेअकरा रुपये. तांब्याची तार शंभर फूट, दोन रुपये दहा आणे. तारायंत्राची चावी एक, पावणेपाच रुपये. दिवाळीला मला लुगडं झालं नाही ते यामुळे. यांच्यावर रागावू नकोस, लुगडं नको असं मीच म्हटलं. चावी माझ्यासाठी आहे.

आता तू चष्मा काढून पुसशील आणि पुन्हा वाचशील. सांगते.

हे शाळेत मुलांना शास्त्र शिकवतात आणि घरी येऊन पेटी जुळवत बसतात, एवढं तुला ठाऊक आहे. तुला वाटतं तो गाणी ऐकायचा रेडिओ आहे. नव्हे गं. हिच्यातून आपणही बोलायचं असतं. बोलायचं म्हणजे तोंडाने नाही, चावी दाबून, तार ऑफिसात करतात तसं, पण मध्ये तार नाही. पैसे घेऊन निरोप पोचवायचा नाही, व्यापार नाही, निव्वळ हौस. त्यासाठी सरकारचं लायसन लागतं, ते यांना गेल्या वर्षी मिळालं. मग सिलोनचा कोणी, रंगूनचा कोणी, एकदा तर ऑस्ट्रेलियातला एक मेंढ्यावाला उत्तर देतो. काय बोलतात? तुमचा आवाज चांगला येतो, आमच्याकडे पाऊस आहे, तुमच्याकडे काय. बस. महिन्याभराने त्याचं पोचेचं कार्ड येतं. पहिलं कार्ड आलं तेव्हा हे जेवता जेवता उठले आणि उष्ट्या हाताने ते देवापुढे ठेवायला निघाले होते. सासूबाई ओरडल्या म्हणून थांबले.

परड्यातल्या चिंचेपासून कौलांपर्यंत तार ताणायला भरमूला बोलावलं होतं. तोच आठवड्याला पेटीची बॅटरी मोटारस्टँडवर भरायला नेतो. तार बांधून झाल्यावर म्हणतो, "वैनी, हिच्यावर कापडं वाळत घालायची न्हाईत, वेल सोडायचा न्हाई, मग बांधली कशापायी वो?" मी म्हटलं, मालकांना विचार. तर म्हणाला, "इचारलं की. लई येळ सांगत हुते. म्हनून तर तुमास्नी इचारतोय."

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. पेटी कोणाकोणाच्या हातची, तिच्यात लाख, तेजाब, काय काय. घरात यायची नाही. पडवीत ठेवायची, आणि तिला शिवलेल्याने न्हाऊनच आत यायचं. मी दिवसभर चुलीपाशी आणि देवांपाशी. सकाळची आंघोळ झाली की पेटी मला परकी. पण तुला माहीतच आहे, महिन्याचे चार दिवस मीही पडवीतच असते. आधी ते दिवस संपता संपत नसत. धान्य निवडायचं नाही, वाती वळायच्या नाहीत, पोथीला हात लावायचा नाही. भिंतीचे पोपडे मोजायचे. आता त्याच पडवीत ती पेटी. मी भीतभीत विचारलं, हात लावला तर चालेल का? सासूबाई म्हणाल्या, "लाव. विटाळाला विटाळ काय लागायचा?"

अशी मी शिकले. मास्तरीणबाई वृत्तं घोकून घ्यायच्या तेव्हा आपण दोघी कुरकुरत होतो ना, ती इथे कामी आली. आखूड आवाज तो लघु, लांब तो गुरू. तीन-तीन आवाजांची आठ अक्षरं म्हणजे थेट आपले आठ गण. यगण म्हणजे डब्ल्यू, मगण म्हणजे ओ, नगण म्हणजे एस. हे महिनाभर तक्ता भिंतीला लावून पाठ करत होते. मी दोन दिवसांत आठ अक्षरं सांगितली तेव्हा म्हणाले, "मॅट्रिकला तुला मार्क कमी कसे पडले?" म्हटलं, तेव्हा कानाला पेटीचे फोन नव्हते.

यांची हौस म्हणजे आमच्या गावची बाजारगाडी. भरली की धावते, नाहीतर उभी. शाळेच्या परीक्षा आल्या की पेटीवर धूळ. मग मी नेम घालून दिला. आठवड्यातून दोन सकाळी, शाळेला जाण्याआधी, सिलोनच्या चहामळेवाल्या साहेबाला हाक मारायची. ऐको न ऐको, आपण बसायचं. रोज चार ओव्या वाचल्या की पोथी कधी संपली ते कळत नाही, तसंच हे. आता तो साहेबच यांची वाट बघतो. माझा नेम निराळा. उरलेल्या दिवसांत आमटी ढवळताना पळीने पातेल्यावर लघु-गुरू वाजवते. सासूबाई म्हणतात, आमटीला ताल आला, मीठ कधी येणार?

ऐकायला कोणाला बंदी नाही, पण लायसन नसताना माझं बोट आकाशात पोचता कामा नये. म्हणून माझी चावी एका घुंगुर्ड्यासारख्या गुणगुणणाऱ्या डबीला जोडली आहे. वाजते, पण पडवीबाहेर जात नाही. मला बाहेर जायचं आहे, आक्का. माझ्या नावाने. बेळगावच्या तार ऑफिसात १५ डिसेंबरला परीक्षा आहे. मिनिटाला बारा शब्द घ्यायचे आणि बारा द्यायचे. अर्ज गेला, फी भरली. श्रावणात मी दहावर होते. ही चुकली तर पुढली वर्षाने. आणि पुढल्या वर्षी मला जमणार नाही.

का जमणार नाही ते आत्ता लिहीत नाही. भात वर आला आहे, उठते.

*

भात झाला, जेवणं झाली, भांडी निघाली. मघाचा कागद पुन्हा वाचला. हे असंच धाडलं तर तू काळजीने अर्धी होशील. तेव्हा लिहितेच.

यंदा नवरात्रात माझी एकही माळ चुकली नाही. नऊच्या नऊ दिवस देवीपाशी उभी. सासूबाई खूश झाल्या. भाद्रपदातही मी पडवीत बसले नव्हते. तू थोरली आहेस, चार लेकरांची आई आहेस, यापुढचं तुला लिहून सांगायला नको. मागच्या दोन्ही खेपांना मी फार लवकर सांगून बसले आणि मग ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना उलट सांगत फिरावं लागलं. तुझ्या दारात येऊन तेच करावं लागलं होतं. म्हणून यंदा तोंड मिटलं. यांनाही नाही सांगितलं.

पण दोन महिने पेटीला हात नाही. परीक्षा जवळ आली, आणि पळीने किती वेग वाढणार? हळूच अजमावून पाहिलं तर दहाचे आठ झालेले. त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी मी सासूबाईंना म्हटलं, "मला शिवू नका," आणि पडवीत जाऊन बसले.

आक्का, मला शिवायला काही हरकत नव्हती.

मी मनाशी पुष्कळ वाद घातला. शिवू नये तेव्हा शिवलं तर पाप. शिवता येत असून लांब बसलं तर कोणाचं काय गेलं? देवाचं तर काहीच नाही. तरी पौर्णिमेला अंगणातले दिवे लावायला मिळाले नाहीत, उंबऱ्याआडून नुसता उजेड दिसत होता, ते मनाला लागलं. पण बसले. हे आणि मी सकाळ-संध्याकाळ घोकत होतो. यांना वाटलं, नेहमीचेच चार दिवस. पुरुषांचं एक बरं असतं, महिने त्यांना कॅलेंडरवरच दिसतात.

चौथ्या सकाळी हे सिलोनच्या साहेबाशी बोलत होते, मी बाजूला कानाला एक फोन लावून लिहीत होते. सासूबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"किती झाला गं वेग?"

"पुन्हा दहा."

"बारा लागतात ना? मग बस की आणखी दोन दिवस. नाहीतरी मागल्या दारची दोरी चारही दिवस रिकामीच आहे."

माझी मान वर होईना. दोरीवर काय वाळत असतं आणि काय नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"परवा पानात कवठाची चटणी वाढली, ती काय मला आवडते म्हणून? तीनदा मागून घेतलीस."

"मी देवाला फसवलं नाही हो."

"देवाला नाही. मला फसवायला गेलीस, आणि तेही धड जमलं नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "कितवा?"

"तिसरा सरतोय."

यांचा हात चावीवरच थांबला. तिकडे सिलोनचा साहेब 'पुन्हा सांगा, पुन्हा सांगा' करत राहिला.

"चिंतू, तोंड मीट, माशी जाईल," सासूबाई म्हणाल्या. "आणि खरं सांग, या यंत्राचा धक्का पोटाला बसतो का?" हे समजावू लागले, विजेचा दाब, कानातला पडदा, काय काय. "तू गप बस, तू त्याच्याच बाजूचा. आण इकडे तो फोन. मला अजून न्हायचंच आहे."

आणि आक्का, माझ्या सासूबाईंनी पदरावरून ते फोन कानाला लावले. डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तर भाताच्या खाचरातले किडे. यात माणूस कुठला?" हे म्हणाले, सिलोनचा साहेब आहे, विचार हवं ते. सासूबाई म्हणाल्या,

"त्याला आई आहे का, विचार."

यांनी खरोखर विचारलं. उत्तर मी लिहून घेतलं, एकही अक्षर न गाळता, आणि वाचून दाखवलं: आहे. विलायतेत असते. तिलाही हे यंत्र आवडत नाही.

"मग शहाणी बाई आहे ती," असं म्हणून सासूबाईंनी फोन काढले आणि विहिरीवर गेल्या.

दुपारी पेटीकडे न बघता माझं पान वाढून गेल्या. मी समजले, परीक्षा गेली. त्यांचंही काय चुकलं असतं? मागच्या दोन्ही वेळा रात्रंदिवस माझ्या उशाशी त्याच होत्या. दिवेलागणीला यांना बोलावून सांगितलं, मी ऐकेन अशा बेताने. "मोटारीतून आदळत न्यायची नाही. चिकोडी रोड स्टेशनापर्यंत बैलगाडी, खाली भाताचं भरपूर पिंजर अंथरून, बैल जुने बघ. पुढे आगगाडी. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी जायचं, म्हणजे हलल्याचं काही झालं तर विसाव्याला वेळ राहील. एकटी जायची नाही. मी येणार." हे म्हणाले, आणि पंधरा दिवस माझ्या जेवणाचं काय? सासूबाई म्हणाल्या, "सिलोनला कळव, ते काहीतरी सुचवतील."

त्यांना भीती वाटत नाही असं नाही. मलाही वाटते. रोज देवापुढे बसते तेव्हा दोन्ही मागते. एकच मिळायचं असेल तर कुठलं, हे तू मला विचारू नकोस. देवालाही मी तेच सांगून ठेवलं आहे. पण खरं लिहू का, सध्या मी फार सुखात आहे. इतकी, की लिहायला भीती वाटते. सकाळी पेटीपाशी तासभर बसायची मुभा मिळाली आहे, मग पुन्हा न्हायचं. थंडीत दोनदा आंघोळ म्हणजे लाकडं जास्त जळतात, पण सासूबाईच पाणी तापवून ठेवतात. काल अकरा झाले.

आता तुझ्याकडचं काम. आम्ही दोघी मार्गशीर्ष लागल्यावर तुझ्याकडे येऊ म्हणतो. सासूबाईंनी तुझ्या घरी आजवर पाण्याचा घोट घेतलेला नाही, कारण तू जाणतेस. भाऊजींच्या वकिली बैठकीत कोण येतं आणि कोण बसतं. यंदा त्या आपण होऊन म्हणाल्या, "तिची बहीण आहे, तिथंच उतरू." तेव्हा त्यांना निराळी शेगडी, एक कोपरा आणि नळाऐवजी आडाचं पाणी एवढं होईल का? भांडी आम्ही आणू, तांदूळही आणू. मला झोपायला कुठेही चालेल, फक्त माझी गुणगुणती डबी वाजवली तर भाऊजींना त्रास होणार नाही ना, ते विचार. आणि तार ऑफिसपर्यंत सावकाश जाणारा टांगेवाला बघून ठेव, भाडं आधी ठरव.

जमणार असेल तर हो, नसेल तर तसं, रागावणार नाही. पण पत्र मिळाल्याबरोबर, उलट टपाली, दोन ओळी टाक. बैलगाडी सांगायची आहे, आणि इथे तिघं जणं पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसलो आहोत.

भाऊजींना नमस्कार, पोरांच्या पाठीवरून हात फिरव.

तुझी धाकटी वासंती, आणि सोबत जो किंवा जी आहे, त्याचा किंवा तिचा तुला पहिला नमस्कार.