लेकीच्या नावाने दिलेली परीक्षा

प्रिय धाकट्या,

तुझ्या लेकीला गणितात पैकीच्या पैकी गुण कसे पडले हे आज कळलं. कॉलेजच्या कॉम्प्युटर वर्गाआधीची, घरी बसून द्यायची ती चाचणी तू दिलीस? पन्नाशीला टेकलेला माणूस बारावीचं गणित सोडवतो, त्याबद्दल अभिनंदन. पण परीक्षा आत्मनेपदी असते रे, तू ती परस्मैपदी केलीस.

त्या गुणांवर कॉलेजने तिला थेट प्रोग्रामिंगला बसवलं. आज पहिल्याच परीक्षेत ती कोरा स्क्रीन सोडून माझ्याकडे आली. म्हणाली, "आत्या, सर 'क्ष'ची किंमत दरवेळी बदलते म्हणतात, तिथेच माझी गाडी अडते. चाचणीला बाबा म्हणाले होते, तू नुसती शेजारी बस."

"मग बसलीस?"

"बसले ना. मध्ये त्यांना पाणी आणून दिलं."

हसावं की रडावं कळेना. गणिताच्या तयारी वर्गात जायची मुदत उद्या संपते, मग हे सत्र बुडालंच. तुला सांगायला ती घाबरत होती, म्हणून मी हे लिहायला घेतलं.

आणि आत्ता पलीकडच्या खोलीतून तिचा आवाज येतोय. तुलाच फोन लावलाय. "सरांना तुम्ही काही सांगायचं नाही. उद्या मीच सगळं सांगणार आणि खालच्या, तयारीच्या वर्गात बसणार." बराच वेळ ती एकटीच बोलतेय, म्हणजे एरवी तिला बोलू न देणारा तू चक्क ऐकतोयस. माझा कानांवर विश्वास बसत नाही. तिचाही बसत नसावा. आत्ताच तिने विचारलं, "बाबा, आहात ना?"

तेव्हा हे पत्र आता पाठवत नाही.

तुझी,
ताई