पितळी डब्यातल्या करंज्या

आई, एकटीचं तेल संपता संपत नाही. पावशेर आणलं तरी तळाशी पोचेपर्यंत त्याला खवट वास मारतो. हे जाऊन चार वर्षं झाली, तरी फोडणीला हात दोघांच्या अंदाजानंच पडतो आणि मग अर्धी भाजी शिळी खाते. परवा वाण्याच्या पुडीचा कागद सवयीनं सरळ करून वाचला. त्यात लिहिलं होतं, ऊब, उजेड आणि हवा लागली की तेलकट जिन्नस खवटतात, आणि तांब्यापितळेत तर फारच लवकर. कागद हातात घेऊन मी दुपारभर बसून राहिले.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. तू पळसदरीहून भावाबरोबर करंज्या पाठवल्या होत्यास, घाण्यावरच्या ताज्या तेलात तळलेल्या, चिनी मातीच्या बरणीत. निरोप होता, लवकर खा, ठेवू नका. यांना खोपोलीच्या गिरणीत सुट्टी नव्हती, तीन आठवड्यांनी येणार होते. मी यांच्यासाठी दहा करंज्या बाजूला काढल्या. बरणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, म्हणून कल्हई उडालेल्या पितळी डब्यात घातल्या आणि डबा चुलीवरच्या फळीवर सरपणामागे लपवला. हे आले त्या दिवशी सरपण काढताना डबा सासूबाईंच्याच हाती लागला. झाकण उघडलं आणि वास घरभर झाला.

"तुज्या आयेनं मागल्या सालचं खोबरं खपवलं का गं आमच्यात?" त्या म्हणाल्या. जावा पदराआड हसल्या. लपवल्याचं सांगितलं तर नवऱ्यासाठी चोरून ठेवते म्हणून वर्षभर ऐकावं लागलं असतं. मी खाली मान घालून म्हटलं, "असंल."

यांनी त्यातली एक करंजी उचलली आणि सगळी खाल्ली.

ते बोलणं बाजाराला येणाऱ्या बायकांकडून तुझ्यापर्यंत पोचलं. संक्रांतीला मी माहेरी आले तेव्हा तू भाकरी थापत होतीस. वर न बघता म्हणालीस, "खोबरं मी सोता फोडलं व्हतं. गोड व्हतं गं." मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले. त्यानंतर तू माझ्याकडे कधी तळलेलं पाठवलं नाहीस. पोहे पाठवायचीस, तांदूळ पाठवायचीस. तू गेलीस तेव्हाही सासरची माणसं म्हणाली, बाई चांगली, पण हात जरा चिक्कू.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी माझा धीर झाला नसता. काल शेजारची नवी सून करंज्यांचं विचारायला आली. तेल कसं घ्यावं, कशात ठेवावं, सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "आजी, तुमाला कोनी शिकवलं?" मी म्हटलं, माझ्या आईनं एकदा जुनं खोबरं घातलं होतं, तेव्हापासून सांभाळते. सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली, आई. घरात मला टाकून बोलणारं कुणीच नव्हतं.