सानगडीच्या अकरा बायांच्या नोंदीत मालकिणीचे नाव लिहिण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
कर्करोग नोंदणी कक्ष,
धर्मादाय कर्करोग रुग्णालय,
कारधा, जि. भंडारा.

विषय : अकरा नोंदींतील 'स्वतःहून' हा शब्द खोडून तेथे अर्जदाराचे नाव लिहिणेबाबत.
संदर्भ : कर्मचाऱ्याशी झालेल्या धक्काबुक्कीबाबत आपली नोटीस, दि. २० ऑगस्ट २०१२.

महोदय,

१. अर्जदार विमलाबाई परसराम कापगते, वय ७८, राहणार सानगडी, ता. साकोली, हिला आपली नोटीस पावली. नोंदणी कारकून श्री. कुंदन यांचे मनगट अर्जदाराने काठीने मोडले. त्यास नोटिशीत 'धक्काबुक्की' म्हटले आहे, ते चूक आहे. अर्जदार धक्काबुक्की करीत नाही.

२. त्या दिवशी अर्जदार आपल्या शेतावर वीस वर्षे राबलेल्या पंचफुलाबाईस घेऊन आली होती. पंचफुलाबाईचा डावा जबडा काढलेला असल्याने तिला बोलता येत नाही. कक्षाच्या भिंतीवर तक्ता होता. इतर गावांच्या बायांत स्तनाचा व गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वर, सानगडीपुढे मात्र गालाचा. "आजी, तुमच्या गावचा हिसाब काही समजूनच नाही राहिला जी," असे म्हणून कुंदन यांनी अकरा नावे वाचली. अर्जदारास तिसऱ्या नावालाच समजले. त्या अकराही जणी अर्जदाराच्या शेतात धानाच्या रोवणीला येणाऱ्या मजूर होत.

३. गोंदिया वेगळा होऊन जिल्हा विभागला, त्या सालापासून अर्जदाराच्या धानाच्या बांधीत रिवाज होता : भाकरीसाठी ओळ मोडू नये म्हणून प्रत्येकीस सकाळीच घोटलेला खर्रा द्यायचा. तंबाखू, सुपारी, चुना. भूक मरते. या रिवाजाच्या पहिल्याच रोवणीत पंचफुला म्हणाली, "मले नाही पायजे मालकीण, तोंड जळते." अर्जदाराने तिच्या डाव्या गालावर काठी हाणली. दाढ फुटली. रक्त थुंकूही न देता अर्जदाराने स्वतःच्या बोटांनी त्या फुटक्या दाढेपाशी खर्रा कोंबला आणि ओळ पुढे चालविली. बाकीच्या दहा जणींनी त्यानंतर हात आपणहून पुढे केले.

४. 'सवय कशी लागली' या रकान्यात कुंदन यांनी 'स्वतःहून' लिहिले. अर्जदाराने ते खोडण्यास फर्मावले. "आजी, मालकिणीचा रकानाच नाही जी फार्मात," म्हणून ते हसले. अर्जदाराने ते सोसले असते. परंतु त्याच वेळी पंचफुलाबाईने, राहू द्या अशी खूण करीत, अर्जदाराचा पदर ओढला. तो हात पाहून काठी उचलली गेली, ती कुंदन यांच्या मनगटावर पडली.

५. सबब, अकराही नोंदींत अर्जदाराचे नाव लिहावे. रकाना नसल्यास आखावा. भिंतीवरील तक्त्यातही सानगडीपुढे तेच नाव, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत, यावे. पोलिसांत फिर्याद द्यावयाची असल्यास एक देऊ नये, बारा द्याव्यात. अकरांपैकी सात जणी मेल्या आहेत. त्यांच्या बाजूची साक्ष अर्जदार स्वतः देईल. अर्जदाराने स्वतः खर्ऱ्याची चिमूटही कधी तोंडात घेतली नाही, हेही नोंदवावे.

६. श्री. कुंदन यांची माफी अर्जदार या अर्जाने मागत आहे. पंचफुलाबाईची मागितलेली नाही. ती लगेच देऊन मोकळी होईल.

उत्तर लेखी यावे. नम्र म्हणवत नाही, तरी आपली,

(सही) विमलाबाई परसराम कापगते
सानगडी, दि. २७ ऑगस्ट २०१२

सोबत :
(१) अकरा बायांची नावे, अर्जदाराच्या हस्ताक्षरात.
(२) श्री. कुंदन यांचे मनगट मोडले ती काठी. दाढही हिनेच फुटली. परत पाठवू नये.