अर्धं पाऊल मागे

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून कंपनीच्या अतिथिगृहाची देखभाल माझ्याकडे. चौथ्या मजल्यावर राहायला खोली, मोठी खिडकी, नळाला भरपूर पाणी. आणखी काय हवं? आजूबाजूला काचेच्या कचेऱ्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. संध्याकाळी बसगाड्या माणसं भरून शहराकडे नेतात; मग चिटपाखरू उरत नाही. इथला स्वयंपाकी अखंड बोलतो, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणतात. पहिल्याच तासात त्यानं मला मावशी करून टाकलं. लेकीला फोन करून सांगितलं, तुझी आई साहेबीण झाली! ती हसली. ती हसली की माझा दिवस बरा जातो. हे गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना.

५ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी काम नसतं. पाहुणे विसरून गेलेली पुस्तकं वाचते. शाळेत गेले नाही. दुकानांच्या पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचत शिकले, त्यामुळे मला काहीही चालतं. पण बसून पाय आखडतात. आज फिरायला निघाले. इथले पदपथ मधेच संपतात. कुणी चालेल असं बांधणाऱ्यांना वाटलंच नसावं. शेवटच्या इमारतीमागे ओसाड मैदान लागलं आणि त्यातून जाणारी पायवाट. चांगली मळलेली. बरं वाटलं. रेडिओला विचारलं, तर म्हणाला, "मावशी, इथे माणूस गाडीतून उतरला की थेट लिफ्टमध्ये. चालतंय कोण?"

९ फेब्रुवारी, रविवार
पायवाटेनं बरीच आत गेले. धुळीत एकाच माणसाची पावलं, सगळी पुढे जाणारी. परतीचं एकही नाही. डावा पाय फरफटलेला.
मी खालीच बसले. यंत्रात सापडल्यापासून यांचा डावा पाय असाच पडायचा. तोल गेला तर हात देता यावा म्हणून मी त्यांच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे चालायचे. त्या पावलांच्या डावीकडे तेवढीच जागा होती. गवत दबलेलं, पाऊल मात्र कुणाचंच नाही.
वर्षभर मी नीट जेवते, झोपते, वाचते. आज धुळीला हात लावून रडले. मग लेकीला फोन करून हरखून सगळं सांगितलं. वाट नेमकी कुठे, तिनं दोनदा विचारलं. शेवटच्या दिवशी तिला बाबांपाशी पोचता आलं नव्हतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
फाटकावरच्या पहारेकऱ्याला मिशांमुळे सुभेदार म्हणतात. त्याला वाटेबद्दल विचारलं. मिशी पिळणारा हात थांबला. म्हणाला, तुमच्या आधी इथे देखभाल करणाऱ्या बाईंना तिथे त्यांच्या गेलेल्या मुलाच्या सायकलचा माग दिसायचा. ज्याचं जे माणूस, त्याला त्याचा माग. नुसतं पाहिलं तर ठीक. सोबत चालू लागलं की संपलं.
त्या बाई कुठे गेल्या, विचारलं. तो गाडीसाठी फाटक उघडायला धावला. गाडी आलीच नव्हती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
जात नाही आता. पडदा ओढलेला. तरी भर दुपारी खाली घासत आलेलं पाऊल — मग शांत.
थांबून राहिलंय. माझ्यासाठी.
हे कधी थांबायचे नाहीत. लंगडत पुढे जायचे, मागून मीच धावायचे. ते हे नव्हेत. लक्षात ठेव, बाई.

१५ फेब्रुवारी, शनिवार
लेक आली, न कळवता. पिशवी टाकली आणि म्हणाली, आई, ती वाट दाखव. सुभेदारानं सांगितलेलं सांगितलं. ओरडले. हात जोडले. म्हणाली, "तुला भेटले, मग मला का नाही?"
तिची ओढणी मुठीत धरून झोपते.

१६ फेब्रुवारी, रविवार
पाहुण्यांचा चहा द्यायला गेले, तेवढ्यात — खोली रिकामी. चपला नाहीत.

खिडकीतून दिसते आहे. मैदानात. एकटीच, पण कडेनं, अर्धं पाऊल मागे. मान वर करून कुणाशी तरी बोलते. हसते.

हाका मारल्या. वळत नाही. रेडिओ म्हणतो, मावशी, मैदानात कुणीच नाही —

मागून कुणी शोधायला आलं तर एवढं वाचावं. मी भुलून गेले नाही. ते हे नव्हेत, मला ठाऊक आहे. पण ती तर माझीच —

थांबली. इकडे बघते आहे. जरा सरकून मधे जागा करते —