तुझा दुपारचा पाऊण तास

माय, तीन दिवस झाले, मी घरात एकटी आहे. साठी आली तरी असं पहिल्यांदाच घडतंय, म्हणून तुला सांगावंसं वाटलं. आमचे हे, मुलगा आणि सून असे तिघे पुण्याला लग्नाला गेलेत. मी गुडघ्याचं निमित्त काढलं. गुडघा दुखतो हे खरं, पण लग्न चुकवण्याइतका दुखत नाही. सुनेनं निघताना तीन वेळा विचारलं, "आई, जेवणाचं काय कराल?" खानावळीत वाढलेल्या बाईला हे विचारायचं म्हणजे कमाल आहे. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली, मी वर आले, दार लावलं आणि हॉलच्या मधोमध उभी राहिले. फ्रिजचा आवाज येत होता. थोड्या वेळानं तोही थांबला. आता पृथ्वीवर मी एकटीच उरले, असं तेव्हा मनात आलं, आणि इतकं बरं वाटलं की कितीतरी वेळ मी नुसती खुर्चीत बसून राहिले. टीव्ही लावला नाही, फोन उचलला नाही.

हे असं मी पूर्वी एकदा लिहूनही काढलं होतं, तुला माहीतच आहे. सातवीत मराठीच्या बाईंनी निबंध दिला होता, 'पृथ्वीवर मी एकटीच उरले तर'. वर्गातल्या मुली रडकुंडीला आल्या. कुणी देवाला बोलावलं, कुणी शेवटी स्वप्नातून जागी झाली आणि सुटली. माझे मात्र विषय ऐकूनच हात शिवशिवायला लागले. आपलं घर म्हणजे औरंगपुऱ्यातली खानावळ. पुढच्या खोलीत चार बाकडी, मागच्या खोलीत तू आणि तुझे दोन रॉकेलचे स्टोव्ह, वर माळ्यावर आपण सगळे झोपायचो. पहाटे चारला तुझा स्टोव्ह भकभकायला लागला की जाग यायची. मग दहापासून मेंबर. महिना बांधून जेवणाऱ्या माणसाला आपल्याकडं मेंबर म्हणायचे, कॉलेजची पोरं, दुकानांतले नोकर, बिऱ्हाड गावाकडं ठेवून आलेले कारकून. मी गृहपाठ करायची तो पायरीवर बसून, आणि त्याच पायरीवर सगळे चपला काढायचे, हात झटकायचे. माझ्या वहीची बहुतेक पानं पाण्याच्या थेंबांनी फुगलेली असायची. संडासात गेलं तरी बाहेर कुणीतरी खाकरत उभं असे.

तेव्हा मी त्या निबंधात सगळ्यांना एका ओळीत घालवून टाकलं. मग गुलमंडीवर हलवायाच्या दुकानात जाऊन ताटभर इमरती खाल्ली, न्हाव्याच्या फिरत्या खुर्चीत बसून गरागरा फिरले, टॉकीजच्या बाल्कनीत पाय पसरून बसले. इमरतीपाशी बाईंनी लाल शाईनं विचारलं होतं, "तळली कोणी?" त्यांचा प्रश्न रास्त होता. पण खरी गोष्ट पुढं होती. निबंधातली मी घरी येते. "सगळे गेले होते. आईसुद्धा गेली होती. स्टोव्ह चालूच होता, तो मी बंद केला. मग इतकं शांत झालं की मला खूप बरं वाटलं." एवढंच लिहिलं आणि खाली रेघ मारली. बाईंना तो शेवट फार आवडला. त्यांनी तो कागद जिन्याजवळच्या फलकावर लावला. मी चार दिवस मान ताठ करून जिना चढत-उतरत होते.

पाचव्या दिवशी डबेवाला आला नाही. शाळेतल्या चार शिक्षकांचे डबे आपल्याकडून जायचे, ते घेऊन तू स्वतः आलीस. मी वरच्या पायऱ्यांवर होते. तू डबे खाली ठेवलेस आणि फलकासमोर उभी राहिलीस. माझं नाव तुला ओळखता यायचं. चौथीपर्यंत शिकलेली तू, एकेका अक्षराखाली बोट धरून वाचायचीस. मी वरून बघते आहे, तुझं बोट न्हाव्याच्या खुर्चीवरून सरकतं आहे, टॉकीजवरून सरकतं आहे, खाली येतं आहे. पळत येऊन कागद फाडावा असं वाटलं, पण मी कठड्याला धरून बघत राहिले. तुझं बोट शेवटच्या रेघेवर थांबलं. तू पदरानं बोट पुसलंस, डबे उचललेस आणि शिक्षकांच्या खोलीकडं गेलीस. संध्याकाळी कणीक मळता मळता एवढंच म्हणालीस, "अक्षर चांगलं हाय तुझं." माय, तू मला दोन रट्टे दिले असतेस तर ते प्रकरण तिथंच मिटलं असतं.

मग मी प्रायश्चित्त सुरू केलं. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायचं हा तुझा नेम होता. पावणेतीनच्या सुमारास शेवटचा मेंबर उठला की तू बाहेर 'जेवण संपले'ची पाटी लावायचीस, आतून कडी घालायचीस आणि उरलंसुरलं ताटात घेऊन भिंतीला टेकायचीस. शाळा सकाळची असल्यानं तोवर आम्ही पोरं गल्लीत असायचो. बिचारी माय एकटी जेवते, तिच्याजवळ कुणी बसत नाही, आणि मी तर तिला पृथ्वीवरूनच घालवलं, असं मनात घेऊन मी खेळ सोडला आणि तुझ्यासमोर येऊन बसायला लागले. एक दिवस नव्हे, शाळेचं उरलेलं अख्खं वर्ष. तुला वाढायचं, "अजून घे ना माय" म्हणायचं, आणि तोंडाची टकळी चालू ठेवायची. गणितात काय झालं, कुणाची रिबीन हरवली, कोण कुणाशी कट्टी आहे.

"जा की खेळायला," तू म्हणायचीस.

"नाय, मी बसते तुझ्यापाशी."

"आगं, मी काय लहान हाय? जेवते माझी मी."

"एकटी काहून जेवतीस? मी हाय ना."

तू दिवसेंदिवस भराभर जेवायला लागलीस. नंतर नंतर तर उभ्यानंच दोन घास खायचीस. मला वाटायचं, कामाची घाई असेल. कधी कधी मी यायच्या आत कडी लागलेली असे, मग तू उघडेपर्यंत मी दार बडवायची. एकदा कडी काढून तू माझ्याकडं नुसतं बघितलंस आणि म्हणालीस, "लई माया आली गं तुला." मी खूश झाले. प्रायश्चित्त पोचतंय असं वाटलं मला.

जूनमध्ये तू मला सोयगावला मामाकडं आठवीला घातलंस. भावंडांत फक्त मला. स्टँडवर एसटीच्या खिडकीतून मी तुझा हात धरून ठेवला होता आणि रडत विचारत होते, "माय, माझं काय चुकलं?" तू म्हणालीस, "काय बी चुकलं नाय. तिथं तुला खोली हाय." तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. खोली हाय. पूर्ण रस्ताभर मी त्या दोन शब्दांचा अर्थ लावत होते, आणि प्रत्येक वेळी तो एकच लागत होता. एकटीला राहायचं होतं ना, मग राहा आता. मामाच्या गच्चीवरची ती खोली चांगली होती. ज्वारीची पोती, एक खाट, एक खिडकी, आणि कुणाची चप्पल नाही. मी तिथं भरपूर अभ्यास केला, मॅट्रिकला पहिल्या वर्गात आले, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत नोकरीला लागले. खोलीत मला सुख लागायचं, आणि सुख लागलं की वाटायचं, ही शिक्षा आहे, हिच्यात सुख लागणं म्हणजे निबंध पुन्हा लिहिणं. सुट्टीत घरी आले की मी तुझ्यामागं मागं करायची. तू म्हणायचीस, "बस की जरा निवांत." मला त्यातही टोमणा दिसायचा.

विचारलं मात्र कधीच नाही. मी सत्तावीस वर्षांची असताना तू चार दिवसांच्या तापानं गेलीस. तेव्हाची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. सगळे रडत होते, मीही रडत होते, आणि त्या रडण्याखाली मला हायसं वाटत होतं. आता तो कागद निघणार नाही, आता "तू मला घालवलं होतंस" असं तू कधी म्हणणार नाहीस. त्या हायसं वाटण्याची लाज मी तेहतीस वर्षं सांभाळली. संसारात मी कुणाला एकटं जेवू दिलं नाही. आमचे हे ऑफिसातून उशिरा आले तरी मी समोर बसणार. मुलगा अभ्यास करत असला तरी मी शेजारी स्वेटर विणत बसणार. तो बारावीत असताना एकदा म्हणाला, "आई, तू जरा बाहेर जातेस का?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

गेल्या महिन्यात मी पैठणला मावशीकडं गेले. तुझी धाकटी बहीण आता ऐंशीच्या पुढं आहे, कानानं बरी आहे, डोळ्यांनी कमी. ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मीही समोर जुडी घेऊन बसले, आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"मावशी, मायनं मला सोयगावला काहून धाडलं होतं?"

"आता विचारायलीस व्हय?" मावशी म्हणाली. "आगं, तू जेवू देईनास तिला."

मला वाटलं, म्हातारीचं काहीतरी भलतंच चाललंय. पण ती हसायला लागली. "इथं आली की तेच सांगायची. म्हणायची, पहाटे चारपासून माणसंच माणसं. दुपारचा तेवढा पाऊण तास माझा असतो. कडी लावली की वाटतं, जगात कुणीच नाय, मीच उरले. लई बरं वाटतं. तर ही पोरगी समोर येऊन बसती अन् माझे घास बघती. हाकलावं तर रडंल."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मी विचारलं, "आणि तो निबंध? शाळेतला?"

"तो कागूद? तुझ्या बाईकडून मागून आणला होता की तिनं. मला वाचून दाखवला, ह्याच ओसरीवर. स्टोव्ह बंद केला तिथं तर आम्ही दोघी पोट धरून हसलो. म्हणाली, माझ्या मनातलं हिनं कसं लिव्हलं? माझ्यासारखं हिला बी माणसं सोसत नाय. हिला खोली पाहिजे. आपल्या नशिबी नाय, पर भावाकडं हाय. म्हणून धाडलं बघ."

"मग मला सांगितलं का नाही तिनं?"

"काय सांगायचं? लेकराला सांगावं, तू उठ, मला एकटीला जेवायचंय?" मावशीनं निवडलेली मेथी परातीत टाकली. "तू तरी सांगशील का?"

खरं सांगते, मला पहिल्यांदा राग आला. तुझा, मावशीचा, त्या मेथीचासुद्धा. सत्तेचाळीस वर्षं मी एका गोष्टीसाठी मनात नाक घासत होते, आणि तुम्ही दोघी इथं ओसरीवर हसत होतात. परतीच्या एसटीत मी फुरंगटूनच बसले होते. बसच्या पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर असतं, तू होतीस तेव्हा औरंगाबाद असायचं. बिडकीन मागं गेलं आणि मला डोळ्यांसमोर तू दिसलीस, उभ्यानं घाईघाईत भात खाणारी, आणि तुझ्यासमोर मांडी ठोकून बसलेली मी, कुणाची रिबीन हरवली ते सांगणारी. मला हसू फुटलं. आवरेना. शेजारची बाई जरा सरकून बसली. स्टँडवर उतरले तेव्हा मान, खांदे, सगळं मोकळं झाल्यासारखं वाटलं. रिक्षावाल्यानं वाजवीपेक्षा जास्त मागितले, तरी मी भांडले नाही. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय गं, इतकी खुशीत?" मी म्हटलं, "मावशीची तब्येत बरी आहे."

म्हणूनच या वेळी गुडघ्याचं निमित्त सांगायची हिंमत झाली. पहिल्या दिवशी मी चहा तीन वेळा केला आणि कप धुतले नाहीत. आज सकाळी विचार करत बसले, की खरंच कुणी उरलं नाही तर काय करीन. लहानपणासारखी इमरती काही आठवली नाही. वाटलं, दवाखान्यात जाईन आणि केसपेपरच्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहीन. बत्तीस वर्षं आतून बघितलं, रांगेतून ती कशी दिसते ते कधी पाहिलंच नाही. मग औरंगपुऱ्यात जाईन. आपल्या खानावळीच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर वही घेऊन बसेन. नळाला पाणी कोण सोडणार, हा प्रश्न आहेच. आज तर नळाचाच दिवस होता आणि माणसं असूनही ते आलं नाही. आठ दिवस बहुतेक काढीन. नवव्या दिवशी कुणीतरी खाकरावं असं वाटेल. तुला पाऊण तास पुरायचा आणि तू पुन्हा हसतमुखानं रात्रीच्या भाकरीला बसायचीस. मला तेवढं जमेल असं वाटत नाही, माझी भूक जुनी आहे.

उद्या दुपारी सगळे येतील. मुलाला मी सांगणार आहे की बारावीत तू बरोबर होतास. सुनेला सांगणार आहे की तिनं जेवताना दार लावून घेतलं तरी मी रागावणार नाही. दोन्ही जमेल की नाही, बघू. हा कागद मात्र कुठं पाठवायचा नाही, आणि मावशीला वाचूनही दाखवायचा नाही, ती पुन्हा हसेल. एक सांगायचं राहिलं. या तीन दिवसांतले पहिले दोन दिवस मला तुझी एकदाही आठवण आली नाही. आज दुपारी जेवताना ते ध्यानात आलं, आणि तरी मी ताटावरून उठले नाही. भात परत वाढून घेतला.