डावा पाय कोणी धरेना

८ जानेवारी, चांदूर रेल्वे
पुन्हा शाल! घरात आता सात झाल्या. आई म्हणते, हिवाळा बरा जाईल.
कबड्डीचा सामना दोनचा, सत्कार आटपेपर्यंत सव्वातीन. गरम केलेलं अंग पार थंड पडलं. मे महिन्यात सीमेवर माझ्या पायात तोफगोळ्याचे किती तुकडे घुसले, ते निवेदक माइकवर सांगत होता — आणि मी तिथंच उभा, बनियनवर शाल घेऊन! डॉक्टरांनी लेखी दिलंय, खेळा. मग खेळू द्या ना.

११ जानेवारी, अमरावती
अकरा गुण! एकाही चढाईत पकड नाही. लीगमध्ये दोन हंगाम खेळलो, तेव्हाही असं जमलं नव्हतं.
चोवीसला अकोल्यात निवड चाचणी. बारा जणांत आलो तर पुन्हा लीग. नाही आलो तर रजा संपली की पलटणीच्या स्टोअरमध्ये बसून बूट वाटायचे.

१२ जानेवारी
दीक्षानं, धाकट्या बहिणीनं, मोबाइलवर सामना काढला होता. पाहायला नको होता. सातव्या चढाईत कोपऱ्यातल्या पोराचा हात माझ्या डाव्या घोट्यापर्यंत येतो आणि — मागे! चटका बसल्यासारखा. नवव्या चढाईतही तेच. दीक्षाला दाखवलं. तिनं मोबाइल बंद केला. म्हणजे तिला आधीच दिसलं होतं.
अकरा गुण कसले, अकरा शाली!

१३ जानेवारी
केशवरावांकडे गेलो. पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून त्यांच्याच हाताखाली शिकलो. सरळ विचारलं.
"अरे, सामन्याआधी पोरं तुया पाया पडतात. मंग त्याच पायाले धरून ओढाले हात होत नाई त्याईचा."
मग सांगा की त्यांना, म्हटलं. तर म्हणे दोन महिन्यांपासून सांगतोय, ऐकत नाहीत. दोन महिने! सगळ्यांना ठाऊक, फक्त मलाच नाही.

१६ जानेवारी
सरावाला मीच बजावलं — पाया पडणं बंद, आता धरा. धरलं. पण कसं? अंड्यांची टोपली उचलावी तसं! शिव्या घातल्या. एक जण रडायला लागला, मग त्याची समजूतही मीच काढत बसलो.
घरी येऊन दामिनीवर भडकलो. भाजीत मीठ कमी म्हणून. लग्नाला चार वर्षं झाली, ती ओळखते मला. "मिठाचा राग नाई तो. मले काहून बोलून राहिले तुमी?" म्हणाली. खरं होतं. माफी मात्र मागितली नाही.

२० जानेवारी
पाय दुखतो का — आज नऊ जणांनी विचारलं. खेळ कसा चाललाय, एकानंही नाही.

२४ जानेवारी, अकोला
सकाळी पुन्हा नारळ, पुन्हा भाषण. मग चाचणी. पहिल्या दोन चढायांत समोर वाट मोकळी. गुण घेतले, पण चोरी केल्यासारखं वाटलं.
तिसऱ्या चढाईला कोपऱ्यात तेल्हाऱ्याचा नागसेन. त्यानं घोटा धरला — डावाच! खेचला, आडवा केला, वर बसला. माझं तोंड मॅटवर. कोणीतरी त्याला दटावलं, अबे फौजी हाये तो. पुन्हा गेलो, पुन्हा धरला. लागोपाठ चार वेळा बाद!
पायाला काही झालं नाही. पाय दणकट आहे. मीच संथ झालोय. वळायला उशीर होतो. इतक्या महिन्यांत हे कोणी मला कळूच दिलं नव्हतं.
नंतर नागसेनला विचारलं, भीती नाही वाटली? "वाटली ना. पण तुमी चढाई कराले आले दादा. मंग धराच लागते."
येताना एसटीत रडू आलं. खिडकीकडे तोंड करून बसलो.

२८ जानेवारी
यादी लागली. बारा नावं. माझं सगळ्यांत वर! नागसेन राखीव. दामिनीनं पेढे आणले, गल्लीत वाटले. माझा पेढा मी डब्यात परत ठेवला.

२९ जानेवारी
अकोल्याला जाऊन माघारीचा अर्ज दिला. निवड समितीचे साहेब समजावत होते — कारण म्हणून पायाची दुखापत लिहा, कोणी नाव ठेवणार नाही.
मी लिहिलं : खेळात कमी पडलो.